पाचवी मुक्ती

मुक्ती चार प्रकारच्या आहेत, हे आमच्या गावी शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता ही त्यांची नावे; दासबोधाच्या चौथ्या दशकाच्या अखेरीस त्यांचे निरूपण झालेले असल्यामुळे, ज्या जांब समर्थ गावी शके १५३० च्या, म्हणजे इसवी सन १६०८ च्या रामनवमीस प्रत्यक्ष दासबोधकर्ते जन्मास आले, त्या गावच्या रहिवाशाने या विषयात अज्ञान प्रकट करणे शोभत नाही. परंतु समर्थांच्या काळी खाजगी अनुदानित माध्यमिक शाळा अस्तित्वात आलेल्या नसल्यामुळे एका पाचव्या मुक्तीचे निरूपण राहून गेले. तिला कार्यमुक्ती म्हणतात. पहिल्या चार मुक्तींना वैराग्य, उपासना आणि सद्गुरुकृपा एवढे भांडवल पुरते. पाचवीला त्याखेरीज संस्थेच्या अध्यक्षांची सही लागते, आणि ती सही मिळवण्याच्या खटाटोपात पहिल्या चारांपैकी एखादी आधीच पदरात पडते की काय, अशी धास्ती मी एके काळी घेतलेली आहे.

मराठवाड्यातल्याच एका गावी (कोणत्या, ते सांगणे प्रशस्त नाही) मी मराठी शिकवीत असे. विज्ञानाचे शिक्षक तेथे फारसे टिकत नसत, सबब प्रयोगशाळेचे कपाट, भूगोलाचे नकाशे आणि तत्सम जंगम मालमत्ता यांच्या किल्ल्याही माझ्याच सुपूर्द होत्या. संस्थेने माझी विशेष दखल घेतल्याचे मला स्मरत नाही. अध्यक्ष मला माझ्या आधीच्या शिक्षकांच्या नावाने हाक मारीत आणि मीही, उगाच गुंतागुंत नको म्हणून, त्या नावाला ओ देत असे. अशा स्थितीत औरंगाबादच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाचे नेमणूकपत्र हाती आले, तेव्हा आपल्या जाण्याने संस्थेच्या कारभारात खंड पडेल असा विचार मनाला शिवण्याचे काही कारणच नव्हते. दोन ओळींचा राजीनामा लिहिला, घडी घातली आणि संध्याकाळी अध्यक्षांच्या ओसरीवर रुजू झालो.

अध्यक्ष सुपारी कातरत बसले होते. मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, अगदी सावकाश वाचला, शेजारी गादीवर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर अडकित्ता ठेवला. नंतर मोसंबीच्या बहराविषयी बोलणे निघाले, परतूरला रेल्वे किती उशिरा येते याविषयी निघाले, कापसाच्या भावाविषयी निघाले. एका कुळाने अडकित्ता उचलून स्वतःसाठी खांड कातरले आणि तो पुन्हा माझ्या भवितव्यावर आणून ठेवला. अखेर मीच विषय काढला तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले आणि आयुष्यात प्रथमच मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारली.

"कामून चाललात गुर्जी? आम्ही काय कमी केलं व्हो तुम्हाला?"

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे शक्य होते. पण त्याची सुरुवात कोठून करावी हे ठरेपर्यंत त्यांचा दुसरा प्रश्न आला. "तुम्ही जांबचे ना? मग बराबर हाय. तुमच्या गावाला मांडवातून पळायची सवयच हाय!"

ओसरी खो खो हसली. कार्यमुक्तीचा कागद अडकित्त्याखालीच राहिला आणि मी परतलो.

या टोमण्यावर मी पुढे पुष्कळ चिंतन केले. आमच्या गावचा तो ऐतिहासिक राजीनामा आठवला की मला नेहमी हेवा वाटत आलेला आहे. सूर्याजीपंत ठोसरांचे घराणे गावचे कुळकर्ण सांभाळणारे. म्हणजे दप्तर, जमाबंदी, कागदपत्र हे सारे घरातलेच. अशा घरातला बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा आहे, अंतरपाट धरलेला आहे, भटजींनी 'सावधान' म्हटले आणि नारायण खरोखरीच सावधान होऊन मांडवाबाहेर पडला, तो पंचवटीस गेला, टाकळीस बारा वर्षे तपश्चर्या केली, पुढे तितकीच वर्षे देशाटन केले, आणि मग कोठे मातोश्री राणूबाईंच्या भेटीसाठी जांबेस परतला, अशी परंपरागत कथा आहे. तीन महिन्यांची आगाऊ सूचना नाही, ना-देय प्रमाणपत्र नाही, मुंडावळ्या कोणाच्या ताब्यात दिल्या याची नोंद नाही. वतन सांभाळायला वडीलबंधू गंगाधरपंत घरी होते म्हणून निभावले, नाहीतर वतनासही राजीनामा नसे. ते बापाकडून मुलाकडे जायचे आणि मुलगा नको म्हणाला तरी ते त्याच्याकडेच यायचे. आश्चर्य याचे वाटते की, ज्या पुरुषाने पुढे लेखनक्रियेवर स्वतंत्र समास रचून अक्षर कसे असावे, ओळी कशा सरळ याव्यात, लेखणी आणि शाई कशी असावी, इथवर कुळकर्ण्याच्या मुलास साजेसा तपशील दिला, त्यांनी राजीनाम्याचा मसुदा तेवढा दिला नाही. त्यांना तो लिहावाच लागला नव्हता, हे त्याचे कारण उघड आहे.

मला मात्र तो लिहावा लागणार होता आणि कायद्याने सांगितलेल्या रीतीने लिहावा लागणार होता. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ या नावाचा एक ग्रंथ आहे. त्याच्या सातव्या कलमात म्हटले आहे की, राजीनामा दोन प्रतींत तयार करावा, दोहोंवर सही करून तारीख घालावी, एक प्रत व्यवस्थापनाकडे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावी आणि दुसरी स्वतःपाशी ठेवावी. हे कलम मुळात शिक्षकाच्या रक्षणासाठी केलेले आहे. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची आणि पुढे मर्जी फिरली की त्या सहीच्या डोक्यावर राजीनामा उगवायचा, असा पराक्रम काही संस्थाचालक करीत, त्यास आळा बसावा हा हेतू. म्हणजे ज्याला जायचे नाही त्याला कोणी घालवू नये म्हणून बांधलेल्या कुंपणात, ज्याला जायचे आहे तोही अडकला.

त्यावर १९८१ ची नियमावली. तिचा चाळिसावा नियम मी इतक्या वेळा वाचला आहे की, समर्थांच्या करुणाष्टकांनंतर मला तोच पाठ असावा. कायम शिक्षकाने तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यावी. ती सुटीत देऊ नये. सुटीचा कोणताही भाग नोटिशीच्या मुदतीत येईल अशीही देऊ नये. आणि पहिले सत्र सुरू झाल्यापासून एक महिन्याच्या आत तर मुळीच देऊ नये. आता गणित मांडावे. जूनच्या मध्यास शाळा सुरू होते, म्हणून जुलैच्या मध्यापर्यंत मज्जाव. तेथून तीन महिने मोजावेत तर पुढे दिवाळीची सुटी आडवी. दिवाळीनंतर शाळा भरली की जो काळ मिळतो तोही मे महिन्याच्या भीतीने लवकरच संपतो. मी हा नियम गावातल्या जोशीबुवांना दाखवला, कारण पंचांग पाहून वाट काढणारा दुसरा अधिकारी पुरुष माझ्या परिचयात नव्हता. त्यांनी चष्मा लावून नियम वाचला, पंचांगाची पाने चाळली आणि एक सिद्धान्त सांगितला तो असा: ज्या साली दिवाळीपूर्वी अधिक मास येतो त्या साली दिवाळी लांबते, तस्मात जुलैअखेरचा मुहूर्त चांगला प्रशस्त मिळतो; सबब अधिक मासात लग्ने होत नसली तरी राजीनाम्यास तो मास अत्यंत शुभ समजावा. दक्षिणा त्यांनी घेतली नाही. त्यांचा एक भाचा शिक्षक होता, हे मला नंतर कळले.

मुहूर्त पाहून राजीनामा रजिस्टर करून पाठवला. खेड्यातल्या रजिस्टर पत्राचे एक वैशिष्ट्य असे की, पाकिटाला डिंक लावलेला असला तरी त्यातला मजकूर पाकिटाच्या आधी गावात पोहोचतो. पोस्टमन पत्र घेऊन वाड्यावर गेला, तेव्हा अध्यक्षांनी ओसरीवरूनच त्यास सांगितले की, अध्यक्ष गावी नाहीत. पोस्टमन सरळमार्गी इसम, त्याने विचारले, "मग कधी येतील साहेब?" अध्यक्ष म्हणाले, "ते मी तरी कसं सांगू?" तो बिचारा पुनःपुन्हा जात राहिला आणि अध्यक्ष पुनःपुन्हा, स्वतःच्याच घरी बसून, परगावी जात राहिले. शेवटी पत्र शेरा लागून माझ्याकडे परत आले आणि मी दोन प्रतींपैकी दोन्ही प्रती स्वतःपाशी बाळगणारा, कायद्यास न सुचलेला असा एक शिक्षक झालो.

मुख्याध्यापक भला माणूस होता. त्यांना इतिहासाचे वेड. मला धीर द्यावा म्हणून ते रोज मधल्या सुटीत एकेक थोर राजीनामा सांगत. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर १७७३ साली राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून रामशास्त्री पुण्याबाहेर पडले तो प्रसंग त्यांनी इतका रंगवून सांगितला की, शास्त्रीबुवांनी न्यायासनाचा चार्ज कोणाला दिला, हा माझा प्रश्न मी गिळून टाकला. लोकमान्यांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली तेव्हा राजीनाम्याबरोबर केवढी प्रदीर्घ कैफियत जोडली होती, हे त्यांनी सांगितले. ज्या संस्थेचे आजीव सभासद वीस वीस वर्षे सेवेची शपथ घेत, तेथून निघताना कैफियत लांबणारच. पण माझ्या प्रकरणास खरा आधार मिळाला तो चिंतामणराव देशमुखांचा. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा बेत जाहीर झाल्यावर भारताच्या या अर्थमंत्र्यांनी १९५६ च्या जानेवारीत राजीनामा देऊ केला आणि तो स्वीकारला गेला जुलैत. ज्यांनी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद भूषवले, ज्यांच्या सहीच्या नोटा लोकांनी खिशात बाळगल्या, त्यांच्याही राजीनाम्यावर दिल्लीत इतके महिने कोणाचा तरी अडकित्ता पडून राहावा, या विचाराने मला जे समाधान लाभले ते राष्ट्रीय वृत्तीस शोभणारे नव्हते, परंतु लाभले खरे.

घरी या इतिहासाचा उपयोग नव्हता. वडील म्हणाले, "तुझ्यापेक्षा आपला सालगडी बरा." आणि त्यात तथ्य होते. आमच्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला सुरू होते आणि पाडव्याला संपते. त्या दिवशी तो घोंगडी खांद्यावर टाकून दुसऱ्या मालकाच्या बांधावर गेला तर त्यास कोणी कार्यमुक्तीचा आदेश विचारत नाही. अर्थात अंगावर बाकी नसेल तर. बाकी असली की हिशेब निराळा होतो. मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघणारी कोयत्याची जोडपी आमच्या भागातून दरवर्षी जातात, आणि उचल फिटल्याखेरीज फडावरून निघता येत नाही म्हणजे काय, ते त्यांना विचारावे. ती गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ब्रिटिश मुलखात १८५९ सालापासून असा कायदाच होता की, आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कामगारास मॅजिस्ट्रेटापुढे उभे करावे आणि त्याने हुकूम मानला नाही तर तुरुंगात घालावे. तो रद्द व्हायला १९२५ साल उजाडले. पुढे राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठीस मनाई केली आणि १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याने, माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध नोकरी करवून घेणारा हुकूम न्यायालय देणार नाही, असे स्पष्ट झाले. हे सर्व मी अध्यक्षांना पुढल्या भेटीत ऐकवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुर्जी, वेठ कशाला म्हणता? तुम्ही आमच्या घरचे!"

घरच्या माणसाला घटनेचे संरक्षण नाही, हे मला त्या दिवशी उमगले.

आता वाचकास वाटेल की, अध्यक्षांना माझी गरज होती. मुळीच नव्हती. मी गेल्याने एकाही विद्यार्थ्याचे मराठी बिघडले नसते, आणि बिघडले असते तरी ते संस्थेच्या ध्यानात आले नसते. त्यांना खुपत होते ते एवढेच की, मी त्यांना न विचारता ठरवले. शाळेतली नेमणूक त्यांनी केली, बढती त्यांनी रोखली, वर्ग त्यांच्या शब्दावर बदलले. आणि जाणे तेवढे माझ्या मर्जीने व्हावे, हा त्यांच्या दृष्टीने सरळ सरळ अधिकारातिक्रम होता. त्यांनी मला बरतरफ केले असते तर आनंदाने केले असते. मी आपण होऊन जाणे मात्र त्यांच्या दप्तरात बसत नव्हते.

इतक्यात चार्जचे प्रकरण उद्भवले. राजीनामा मंजूर नसला तरी 'तयारी म्हणून' चार्जाची यादी करून ठेवावी असे मुख्याध्यापकांनी सुचवले, आणि आम्ही जडवस्तूसंग्रह नोंदवही घेऊन कपाटासमोर बसलो. परीक्षानळ्या मोजल्या. लोहचुंबक सापडला, त्याला चिकटलेल्या टाचण्यांसह. 'पृथ्वीगोल, स्टँडसह, नग एक' या नोंदीपाशी येऊन हात थांबला. स्टँड होता. त्याची पितळी कमान होती, तिच्यावर अंशांच्या खुणा होत्या, साडेतेवीस अंशांचा कल होता, आस होता. पृथ्वी नव्हती. शिपाईमामांनी कपाटाच्या मागे, वर आणि खाली पाहिले. कोणत्या तरी स्नेहसंमेलनात ती चंद्र म्हणून गेली होती असे एका शिक्षकांना अंधुक आठवत होते. मुख्याध्यापकांनी प्रामाणिकपणे शेरा लिहिला: 'पृथ्वी आढळून आली नाही.' तो शेरा अध्यक्षांकडे गेला आणि तेथून लेखी उत्तर आले. संस्थेने मला पाठवलेला तो पहिला लेखी कागद होता, म्हणून मी तो जपून ठेवला आहे. त्याचा मतलब असा की, पृथ्वी संस्थेच्या मालकीची असून ती जमा झाल्याशिवाय सदर शिक्षकास कार्यमुक्त करता येणार नाही.

मी नवी पृथ्वी विकत आणून देतो म्हणालो. तर हरकत आली की, नोंद जुन्या पृथ्वीची आहे. (आमच्या जांबेच्या राममंदिरातील प्राचीन मूर्ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये चोरीस गेल्या आणि पोलिसांनी त्या ऑक्टोबरात परत मिळवल्या, तेव्हा त्या कामगिरीचे वृत्त वाचताना गावकऱ्याचा आनंद तर मला झालाच, पण आपल्या वेळी ही मंडळी कोठे होती, असाही विचार क्षणभर आला.)

सुटका झाली ती कायद्याने नव्हे, इतिहासाने नव्हे आणि शोधकार्यानेही नव्हे. एके दिवशी कुंभार पिंपळगावच्या बाजारात अध्यक्षांचे मेहुणे भेटले. बोलता बोलता त्यांच्या चिरंजीवांनी बी. एड. पूर्ण केल्याचे समजले, विषय मराठी. मी अभिनंदन केले आणि, निव्वळ सौजन्य म्हणून, एवढेच म्हणालो की, आमच्या शाळेत जागा रिकामी असती तर किती बरे झाले असते. पण मी जाणार तरी कसा? घरचाच माणूस ना मी!

त्या रात्री अध्यक्ष परगावाहून परतले. सकाळी शिपाईमामा स्वतः माझ्या दारी येऊन मला वाड्यावर घेऊन गेले. कागद अडकित्त्याखालून निघाला, त्यावर कातरलेल्या सुपारीचे डाग होते. "गुर्जी, एवढी मोठी संधी आली, आणि तुम्ही इथं काय बसले?" अध्यक्ष मला रागावून म्हणाले. नोटिशीच्या मुदतीचा वाद निघाला नाही, सुटीचा निघाला नाही, आणि पृथ्वीविषयी मी स्वतःच विचारले तेव्हा संस्थेच्या कार्यकारिणीने ठराव करून ती 'जीर्ण व निरुपयोगी झाल्याने' निर्लेखित केली. ठरावाला सूचक आणि अनुमोदक दोघेही होते. तो एकमताने मंजूर झाला.

निरोपसमारंभ थाटाचा झाला. शाल, श्रीफळ, फेटा. अध्यक्षांनी भाषणात सांगितले की, या गुणी शिक्षकास आपण कित्येक दिवस मागे लागून लागून मोठ्या ठिकाणी जाण्यास भाग पाडले. नाहीतर हा माणूस संस्थेच्या प्रेमापोटी येथेच कुजला असता. भाषणभर ते मला माझ्या आधीच्या शिक्षकांच्या नावाने संबोधत होते. मी सवयीने मान डोलावली. पितळी कमानीत नवीन शिक्षकांनी पुढे एक फुटबॉल बसवला असे ऐकतो. भूगोलाच्या तासाला तो चालतो म्हणे.

आता माझा पुतण्या पुण्यास हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत आहे. त्याची कहाणी ऐकली की, आमचा काळ सुबोध होता असे वाटते. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड. नवी कंपनी म्हणते तीस दिवसांत या, जुनी म्हणते नव्वद दिवस बसा. आणि रिलीव्हिंग लेटर मिळाल्यावाचून तो कोठेच नाही, अशा अंतराळात तो लोंबकळतो. त्याचा एक मित्र बंधपत्रात अडकलेला आहे. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवल्यामुळे त्या मित्राचा चेहरा पडला. मी त्याला म्हणालो, बाळा, तुमच्या मुक्तीला निदान दर तरी ठरलेला आहे. आमच्या वेळी अध्यक्षांच्या मेहुण्यास बी. एड. मुलगा असावा लागे.

राहता राहिली एक व्यवहाराची गोष्ट. सातवे कलम राजीनामा रजिस्टर्ड पोस्टानेच पाठवा म्हणते, आणि टपालखात्याने २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीडपोस्टात विलीन करून टाकले आहे. तेव्हा ज्या शिक्षकबंधुभगिनींच्या पिशवीत दोन प्रतींतला राजीनामा तयार असेल, त्यांनी अध्यक्षांच्या ओसरीवर जाण्यापूर्वी पोस्टमास्तरांना एकदा विचारून घ्यावे, आणि त्याच फेरीत जडवस्तूसंग्रहातली पृथ्वी जागेवर आहे की नाही तेही पाहून ठेवावे.